भावजींचा जबडा

हसताना हनुवटी हाताने धरून ठेवणारा माणूस तुम्ही बघितलाय का? मी बघितलाय. पंचवीस-सव्वीस वर्षं आमच्या शेजारी राहिला. दोन खोल्यांच्या मध्ये एकच भिंत, तीपण अर्ध्या विटेची. पलीकडे कप खाली ठेवला तरी इकडे कळायचं.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. सही येते, बसचा नंबर कळतो, बस्स. नात म्हणाली, आजी तू बोल, मी मोबाईलमध्ये घेते. म्हणून सांगते. पुढचं मागे होईल, मागचं पुढे होईल. ते तुम्ही बघून घ्या.

भांडुपला टेकडीवर आमची चाळ होती. पाणी खाली, आम्ही वर. हंडे घेऊन चढायचं. भावजी कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे आणि घरातच कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवायचे, हे त्याच्यावर मेणात दात लावून, मग पक्के करून परत द्यायचे. चाळीत त्यांना सगळे कवळीवाला म्हणायचे. माझ्या नवऱ्याबरोबर बसायचे-उठायचे म्हणून मी भावजी म्हणायचे. ते मला वहिनी.

त्यांच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले. काम झालं तरी टाकायचे नाहीत. कोण मेलं, कोण जिवंत, त्यांना बरोबर माहीत. "ही बाई गेली," म्हणायचे, "पण तिचा उजवा सांधा काय सुंदर चालायचा, वहिनी!" माणसाचं तोंड कसं होतं ते त्यांना आठवायचं नाही. सांधा आठवायचा.

हा सांधा म्हणजे कानाच्या पुढे बोट ठेवलंत आणि तोंड उघडलंत की हलतो ना, तो. त्याचंच वेड त्यांना. नळावर रांगेत उभे असले तरी लोकांच्या कानाखाली बघत राहायचे. बायका वैतागायच्या. एकदा आमच्या समोरच्या बाईला म्हणाले, "तुमचा डावा वाजतो. घरी भांडण चालू आहे का?"

ती म्हणाली, "तुमच्या बापाचं काय जातं हो?"

"माझं काही जात नाही. तुमची दाढ जाईल."

आणि गेली. वर्षभरात गेली. पण तिने त्यांना कधी माफ केलं नाही.

खाण्याची तर वेगळीच तऱ्हा. भाकरी कात्रीने कापून खायचे. केळं चमच्याने. गणपतीत माझ्या सासूने उकडीचा मोदक दिला तर त्यांनी खिशातून चाकू काढला आणि त्याचे चार तुकडे केले. सगळं सारण ताटात. सासूने कपाळावर हात मारला. घरात येऊन म्हणाली, "हो मेलो हसना नाय, धड खाना नाय, जगता तरी कित्याक?" सासू मालवणची, तोंडाला फटकळ. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी तिने मोदक सुपारीएवढे वळले. ते त्यांनी अख्खे खाल्ले.

लोकांना वाटायचं, बायको काविळीने गेली म्हणून हा हसत नाही. मलापण तसंच वाटायचं.

माझा नवरा गिरणीतला. गिरणी बंद झाली, मग वॉचमनगिरी, मग दारू, मग गेला. मुलगा आठ वर्षांचा होता. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर हिला काहीतरी होईल. छाती बडवून दाखवली मला त्यांनी. मी बसले होते तशीच. तेराव्याला भावजी आले. दारातच उभे राहिले, माझ्याकडे नाही, माझ्या कानाखाली बघितलं, आणि म्हणाले, "वहिनी, रडायचं तर रडा, नसेल रडायचं तर नका रडू. पण दात आवळू नका. सांधा झिजतो."

समोरची म्हणाली, "काय माणूस आहे! काय वेळ, काय बोलतो!" पण मी दात सोडले. तेव्हा मला कळलं की तेरा दिवस मी ते आवळूनच बसले होते. गाल लाकडासारखे झाले होते. बाकी कोणाच्या ते लक्षातपण आलं नव्हतं.

त्याच्यानंतर चार-पाच महिन्यांनी ते झालं. दुपारची वेळ. सासू गावाला, मुलगा शाळेत. मी तांदूळ निवडत होते. दारात सावली आली म्हणून वर बघितलं तर भावजी. तोंड हे एवढं उघडं. हनुवटी पुढे आलेली, लाळ गळतेय, डोळ्यात पाणी. मला वाटलं झटका आला. मी उठले, तर त्यांनी हाताने थांब म्हणून केलं आणि एक कागद पुढे धरला. काहीतरी भराभर लिहिलेलं, उभं-आडवं. मी कागद घेतला, बघितला, परत दिला. म्हटलं, "भावजी, मला नाही येत वाचायला."

त्यांनी डोळे मिटले. तसा चेहरा मी परत कधी बघितला नाही. तोंड उघडं, बोलता येईना, आणि लिहिलेलं समोरच्याला वाचता येईना.

मग ते गेले आणि एक प्लास्टरचा जबडा घेऊन आले. वरचा-खालचा, मध्ये पितळेची बिजागरी. ही बिजागरी ते साकीनाक्याला एका लेथवाल्याकडून करून आणायचे, विकतची त्यांना चालायची नाही. जमिनीवर बसले. त्यांनी खालचा जबडा पुढे ओढून अडकवून दाखवला. मग स्वतःचे दोन्ही अंगठे त्या जबड्याच्या मागच्या दाढांवर ठेवले. खाली दाबलं. मग मागे ढकललं. परत दाखवलं. खाली, मग मागे. मग माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

मी म्हटलं, "मी?"

त्यांनी मान हलवली. इकडेतिकडे हात करून दाखवला, म्हणजे दुसरं आहे कोण.

मी जुन्या लुगड्याची चिंधी अंगठ्यांना गुंडाळली. त्यांना भिंतीला डोकं टेकून खाली बसवलं. परक्या पुरुषाच्या तोंडात हात घालायचा, तेपण नवरा जाऊन वर्ष नाही झालं. दार उघडंच ठेवलं मी. बंद केलं असतं तर जास्त वाईट दिसलं असतं. दाढांवर अंगठे ठेवले आणि दाबलं. काही होईना. त्यांनी हाताने खूण केली, अजून. मी हंडे उचलणारी बाई, माझ्या हातात ताकद होती. सगळं अंग टाकून खाली दाबलं आणि मागे ढकललं. खट्ट झालं. तोंड असं मिटलं की माझा डावा अंगठा दातात सापडला. चिंधीतून रक्त आलं.

भावजींनी गाल चोळले. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "अंगठा चावला का हो मी?"

"चावलात."

"हळद लावा," म्हणाले. मग हनुवटी धरून हळूच हसले. "पहिल्या वेळेला हिलापण चावलो होतो."

तेव्हा मला कळलं. त्यांचा जबडा निखळायचा. मोठी जांभई दिली, जोरात हसले, मोठा घास घेतला की निखळायचा. डॉक्टरने बायकोला बसवायला शिकवलं होतं. "लोक म्हणतात दुःखाने हसत नाही," ते मला म्हणाले. "दुःख आहे, नाही असं नाही. पण खरं म्हणजे बसवणारं कोणी उरलं नाही. मग हसायचं कशाच्या जिवावर?"

रात्री झोपताना ते डोक्याभोवती पट्टी बांधायचे, हनुवटीखालून वर. जांभईत तोंड उघडू नये म्हणून. चाळीतले म्हणायचे, अभद्र दिसतं, मेलेल्या माणसाला बांधतात तसं. ते म्हणायचे, "तेव्हा तुम्हाला बांधायचे कष्ट नकोत."

मग आमचं ठरलं. जबडा निखळला की त्यांनी वाटीने भिंतीवर तीनदा वाजवायचं. मी जायचं. आणि त्यांनी मला काम दिलं. कवळ्या घासायच्या, प्लास्टर कालवायचं, साचे कापायचे. त्याच्यावर मी मुलाला शिकवलं. सासूचं शेवटचं दुखणं काढलं ते त्याच्यावरच.

काम करता करता सांगायचे मला. म्हणायचे, "वहिनी, शरीरात असा सांधा दुसरा नाही. डावीकडे एक, उजवीकडे एक, पण हाड एकच. एकाला हलायचं असेल तर दुसऱ्याला हलावंच लागतं. संसार आहे तो." म्हणायचे, आधी तो दारासारखा फिरतो, मग खणासारखा पुढे सरकतो. मध्ये एक छोटी गादी असते. ती सरकली की कट्ट वाजतं. आणि पुढे एक उंबरा असतो हाडाचा. "त्या उंबऱ्याच्या अलीकडे थांबलं पाहिजे. पलीकडे गेलं की स्नायू असे आवळतात की माणसाला आपलं आपण परत येता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी आणावं लागतं."

कवळी घालायला आलेली म्हातारी माणसं बिनदातांची हनुवटी पुढे काढून बसायची. डॉक्टरकडून माप चुकीचं आलं की भावजी त्या माणसाला घरी बोलवायचे. "जिभेचं टोक उलटं टाळूला लावा, आजोबा. आता गिळा. हां. आता तुमचा सांधा घरी आला." मग नवी कवळी घालून साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोजायला लावायचे. एकसष्ट, बासष्ट करत बसायचे बिचारे. शिट्टी वाजली की कवळी परत माझ्याकडे घासायला.

एकदा देवनारच्या खाटकाकडून बोकडाचं आणि कुठूनतरी मांजराचं, अशी दोन डोकी आणली. हाडंच नुसती, साफ केलेली. खिडकीत बसून चाळीच्या पोरांना दाखवत होते. "बोकड दळतो, बघा, असं आडवं. मांजर नुसतं कापतं, वर-खाली. माणसाला दोन्ही पाहिजे, म्हणून माणसाचा बिघडतो." पोरं पळाली, त्यांच्या आया ओरडल्या. मग ते मांजराचं हाड हातात धरून एकटेच बसले होते. मला म्हणाले, "किती घट्ट आहे बघा. हा निखळत नाही. मांजराला कोणी लागत नाही."

जबडा बसवला की दिवसभर त्यांनी बोलायचं नाही, पट्टी बांधून बसायचं, असा नियम. मी पेज करून न्यायचे. ते भिंतीला टेकून वाटीतून घोट घोट पेज प्यायचे आणि मी बोलायचे. मला सवय नव्हती बोलायची. माहेरी कोणी विचारलं नाही, सासरी कोणी विचारलं नाही, आणि दुःख सांगायचं असतं हेपण मला माहीत नव्हतं. पण समोरचा माणूस काही म्हणूच शकत नाही म्हटल्यावर तोंडातून यायला लागलं. नवरा प्यायचा तेव्हा काय करायचा ते सांगितलं. घरात तीन दिवस चूल नव्हती ते सांगितलं. एक मुलगी झाली होती, सव्वा महिन्यात गेली, ते सांगितलं. ते मी माझ्या मुलालापण सांगितलेलं नाही. आता नातीला कळतंय, मोबाईलमध्ये घेते म्हणून. अगं, रडू नकोस, पुढे ऐक.

वर्षातून दोन-तीनदा असं व्हायचं. खोटं कशाला बोलू, मी त्या वाटीच्या आवाजाची वाट बघायला लागले होते. दुसऱ्याचा जबडा निखळायची वाट बघायची म्हणजे पापच. पण बघायचे.

चाळ बोलणारच. समोरची नळावर सगळ्यांसमोर विचारायची, "काय गं, आज परत बोटं घालून आलीस का?" बाकीच्या हसायच्या. मी हंडा उचलायचे आणि चढायला लागायचे.

मुलगा मोठा झाला. लिफ्टच्या कंपनीत लागला. मुलगी बघितली, घाटकोपरची. तिच्याकडचे घर बघायला येणार होते. आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, उद्या वाटी वाजली तर जायचं नाही."

"असं कसं? माणूस बसेल तोंड उघडं टाकून."

"एक दिवस, आई. लोक काय काय बोलतात तुला माहीत नाही का? मी लहानपणापासून ऐकतोय. एवढं लग्न जमू दे माझं."

वाईट मुलगा नाही माझा. त्याचंही बरोबर होतं. मी म्हटलं, रोज थोडंच होतं, नेमकं उद्याच कशाला होईल.

दुपारी चारला पाहुणे आले. मुलीचे आईवडील, मामा, आणि मुलगी. मी कांदेपोहे दिले. मामा चांगला गप्पिष्ट होता, गिरणीच्या वेळच्या गोष्टी काढत होता. आणि भिंत वाजली. तीनदा.

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप लावत होते.

परत तीनदा.

मामा म्हणाला, "काय चाललंय पलीकडे?"

मुलगा म्हणाला, "शेजारी आहेत. खिळा ठोकत असतील."

तिसऱ्यांदा वाजली ती दोनदाच. तिसरा ठोका आलाच नाही. मी कप बशीत ठेवला आणि तो ठोका यायची वाट बघत उभी राहिले. मुलीची आई म्हणाली, "बसा ना विहीणबाई, किती धावपळ करता." विहीणबाई म्हणाली, म्हणजे जमलं होतं. मी बसले.

पाहुणे गेल्यावर धावत गेले तर दाराला कुलूप. समोरची ओट्यावर बसलेली. म्हणाली, "तोंडावर टॉवेल धरून गेला खाली. मी विचारलं कुठे, तर बोलला नाही." बोलणार कसा? भावजी टेकडी उतरून, रिक्षावाल्याला हाताने समजावत, पालिकेच्या हॉस्पिटलात गेले. मुलगा शोधायला गेला. मी नव्हतं सांगितलं, स्वतःहून गेला. पण चुकामूक झाली. इंजेक्शन देऊन बसवला तिकडे. फार वेळ तसाच राहिल्यामुळे स्नायू आवळले होते म्हणे.

सकाळी ते पट्टी बांधून घरी आले. मी पेज घेऊन गेले. त्यांनी घेतली. भिंतीला टेकून घोट घोट प्यायले. बोलायची माझी पाळी होती. वाटी रिकामी झाल्यावर ती धुऊन पालथी घातली आणि आले.

चार दिवसांनी पट्टी काढली तेव्हा म्हणाले, "पाहुणे होते ना? ठीकच केलंत. मुलाचं महत्त्वाचं." मग कवळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "भिंतीचं आता सोडून द्या, वहिनी."

त्यानंतर भिंत वाजली नाही. लग्न झालं, नात झाली, ती दुडूदुडू त्यांच्या खोलीत जायला लागली. काम चालू होतं. बोलणं चालू होतं, कवळीचं, पाण्याचं. मी अधूनमधून विचारायचे, "भावजी, जबडा?"

"बसलाय," म्हणायचे.

मला वाटलं, हॉस्पिटलात नीट केला असेल. आता जातच नसेल. सुटला बिचारा. आणि एक सांगते, त्या वर्षांत भिंतीपलीकडून मधूनच आवाज यायचा. आऽऽ असा, लांब, घशातून. थांबायचा, परत यायचा. मी सुनेला म्हणायचे, ऐक, भावजी भजन शिकायला लागलेत. म्हातारपणी काहीतरी धरलं त्यांनी. मला बरं वाटायचं. माझं मन त्या आवाजाने जरा हलकं व्हायचं.

एका सकाळी नळावर आले नाहीत. दार मुलाने खांद्याने उघडलं. अंथरुणातच गेले होते, झोपेत. पट्टी बांधलेली होती. बायका बांधायला आल्या, तर काम नव्हतं.

संगमेश्वरहून त्यांचा पुतण्या आला. त्याला त्या जबड्यांचं काय करायचं कळेना. म्हणाला, "मावशी, तुम्ही बघा, कामाचं असेल ते ठेवा." मी फळ्या आवरल्या. मग अंथरूण उचललं. उशीखाली लाकडाचा एक तुकडा मिळाला. गोल, छोट्या लाटण्यासारखा, बोटभर लांब. साकीनाक्याच्या लेथवर फिरवलेला असणार, इतका गुळगुळीत. म्हणजे कधीकाळी गुळगुळीत. आता सगळा चावलेला होता.

मी तो धरून बसले आणि मला हळूहळू समजलं. हा दाढांमध्ये धरायचा आणि जबड्याने पुढे-मागे लोळवायचा. लोळवत लोळवत हाड खाली येतं आणि उंबऱ्यावरून मागे जातं. वेळ लागत असेल. दुखत असेल. तोंड उघडं असताना घशातून आवाज येतो तो कसा येतो, ते मला कोणी सांगायला नको. इतकी वर्षं त्यांना भिंतीला टेकवून जबडा बसवताना मी तो ऐकला होता.

पुतण्याने विचारलं, "कामाचं आहे का ते?"

म्हटलं, "नाही. पण मी ठेवते."

चाळ गेली, टॉवर झाला. आम्हाला अकराव्या मजल्यावर खोली मिळाली, पाणी नळाला येतं. भिंत जाड आहे, पलीकडे कोण राहतं मला माहीत नाही. सगळे कामाला गेले की मी कधीतरी डब्यातून ते लाकूड काढते आणि डाव्या अंगठ्याशेजारी धरते. जाडी बरोबर तेवढीच आहे. त्यांना माप शोधायला कुठे जावं लागलं नसेल.

माझ्या अंगठ्यावर त्यांच्या दाताचा एक वण आहे. त्या लाकडावर एका वणालापण जागा उरलेली नाही.